धर्मराज सबनीस, पोटभाडेकरू

धर्मराज सबनीस नावाचा माणूस अस्तित्वात नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही आमच्या सोसायटीनं त्याला पोटभाडेकरू ठरवलं, त्याच्या नावानं ठराव केला आणि मला, म्हणजे हेमचंद्र टिपणीस, पहिला मजला, खोली नंबर सात, याला कारणे दाखवा नोटीस दिली. खाली सेक्रेटरी आण्णांची सही, शिक्का, आणि तळटीप: 'सदर इसम दर गुरुवारी भेटतो असे खात्रीलायकरीत्या समजते.' कुणाला भेटतो, कुठे भेटतो, काही पत्ता नाही. मी नोटीस तीनदा वाचली. मसुदा चांगला होता, हे मान्य करायला हवं.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. मी बदलापूरला मांजर्लीत राहतो आणि अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर आहे. म्हणजे कोण किती वाजता आला, कोण किती वाजता पळाला, कुणी कुणाचं कार्ड पंच केलं, हे बघणारा. या नोकरीत माणसाला विश्वास परवडत नाही. कामगाराची आजी वारली असं कळलं की मी आधी जुना रजेचा अर्ज काढून बघतो, तीच आजी गेल्या वर्षी वारली होती का. निम्म्या वेळा वारलेली असते. अशी वीस वर्षं काढल्यावर घरी दूधवाल्यानं 'शुद्ध आहे साहेब' म्हटलं तरी माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

आता मुद्द्याचं. मी संध्याकाळी थोडी घेत असे. 'पीत असे' असं मी म्हणत नव्हतो. पिणारे वेगळे, ते गटारात सापडतात. मी कधी गटारात सापडलो नाही. एकदा गटाराच्या कठड्यावर सापडलो, पण तिथे मी बुटाची नाडी बांधायला बसलो होतो. घरी येताना वेलची खायची, वर बडीशेप खायची, आणि जिन्यात कुणी भेटलं तर श्वास आत ओढून बोलायचं. श्वास आत ओढून 'काय म्हणता, आण्णा?' असं विचारायला सराव लागतो, करून बघा. नऊ वर्षांत बिल्डिंगीत एकालाही थांगपत्ता लागला नाही, याचा मला अभिमान होता.

त्या डिसेंबरात मीनलची, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीची, चित्रकलेची परीक्षा होती कल्याणला. पेपर साडेतीनला सुटणार, मी आणायला जाणार. मी साडेसहाला गेलो. घड्याळ बंद पडलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. टाइमकीपरचं घड्याळ! शाळेच्या फाटकाला कुलूप होतं आणि मीनल बाहेर फुटपाथवर रंगपेटी मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. मला बघून तिनं एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला जिना चढता येईल ना?" स्टेशनच्या पुलाचा जिना. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही.

माझी बायको उमा भांडली नाही. भांडली असती तर मी जिंकलो असतो, मला सगळे नियम पाठ आहेत. तिनं दुसऱ्या दिवशी मीनलची पिशवी भरली आणि तिला डोंबिवलीला भावाकडे पोचवलं. परत येऊन म्हणाली, "आमटी गरम करू का?" बस्स. पंधरा दिवस घरात फक्त आमटीबद्दल बोलणं होत होतं.

उमाचा भाऊ चिंतामणी दस्त नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क. शिक्क्याशिवाय त्याला सूर्योदयसुद्धा मंजूर नसतो. त्याचं पत्र आलं. 'ती. स्व. भावोजींस, सा. न. वि. वि. चि. मीनल खुशाल आहे. मद्यपान सोडलेल्या लोकांच्या बैठका भरतात असे ऐकतो. आपण अशा लागोपाठ चार बैठकांस हजर राहून तसा दाखला सही-शिक्क्यानिशी सादर केल्यास तिला परत पाठविण्याचा विचार करता येईल.' 'विचार' शब्दाखाली रेघ होती. मला राग आला तो अटीचा नाही, रेघेचा. मी जिवंत असताना त्यानं मला 'तीर्थस्वरूप'च्या जागी 'ती. स्व.' केलं होतं, त्यावरही मी अर्धा दिवस संशय घेतला.

पण पोरीशिवाय घर खायला उठतं हो. तिची चपलांची जोडी दाराशी तशीच पडलेली, ती उचलायची हिंमत ना मला, ना उमाला. म्हटलं, जाऊन तर येऊ.

जायचं कुठे? पेपरात कुत्र्याच्या पिल्लांच्या जाहिरातीखाली दोन ओळी सापडल्या: 'दारू सोडावीशी वाटते? आम्ही सोडली. लिहा.' आणि पोस्ट बॉक्सचा नंबर. आता मला सांगा, 'आम्ही' म्हणजे कोण? नाव नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही, फी नाही. ज्या धंद्यात फी लिहिलेली नसते तिथे नंतर जबर बसते, हा माझा अनुभव आहे. तेव्हा खऱ्या नावानं पत्र लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. मी लिहिलं, 'धर्मराज सबनीस.' पण उत्तर तर घरीच यायला हवं. म्हणून खाली लिहिलं, 'द्वारा: हे. टिपणीस.' आयुष्यात मी अनेक चुका पकडल्या आहेत, पण 'द्वारा' इतकी महागात पडणारी चूक दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

पोस्टमन धोंडिबा नेमका रविवार सोडून सगळ्या दिवशी मोठ्यानं बोलतो. त्यानं खालूनच हाळी घातली, "ओ, धर्मराज सबनीस कोन हाये हितं?" चारी मजल्यांची दारं उघडली. पत्र आण्णांनी घेतलं. आण्णा मंत्रालयातून निवृत्त झालेले, आणि ती निवृत्ती त्यांना अजून कुणी नीट समजावून सांगितलेली नाही.

"टिपणीस, हे सबनीस कोण?"

"मित्र आहेत माझे."

"मग पत्र तुमच्या पत्त्यावर का?"

"येतात ते अधूनमधून."

"राहायला?"

"छे हो, नुसते येतात."

"नुसत्या येणाऱ्याला पत्र येत नाही," आण्णा म्हणाले आणि पाकीट उजेडात धरून बघून मग माझ्या हातात दिलं.

आत चिठ्ठी होती. गुरुवार, संध्याकाळी सहा, उल्हासनगर, कॅम्प चार, शिलाईच्या कारखान्यांच्या गल्लीत चक्कीवरची बालवाडी. बालवाडी! माझ्या मनात तीन शंका आल्या. एक, हे लोक धर्म बदलायला लावतात. दोन, भिशी चालवतात. तीन, निवडणुकीला उभे आहेत. चौथी शंका उमानं काढली. ती म्हणाली, "किंवा खरंच दारू सोडवत असतील." मला ती सर्वांत कमी संभवनीय वाटली.

पुढचा पेच असा, की अनोळखी गल्लीत पत्ता विचारायचा कसा? 'दारू सोडायची मीटिंग कुठे?' असं विचारणं म्हणजे स्वतःवर आरोपपत्र वाचणंच. ओळखीचं कुणी भेटलं तर सांगायचं काय? तेव्हा मी युक्ती केली. पाच किलो गव्हाचा डबा बरोबर घेतला. चक्कीचा पत्ता विचारायला सभ्य माणसाला काय चोरी? सकाळी डबा घेऊन बाहेर पडलो, दिवसभर टाइम ऑफिसात टेबलाखाली ठेवला, आणि संध्याकाळी रिक्षानं उल्हासनगरला नेला. बदलापुरात दोन गिरण्या असताना हा माणूस दर गुरुवारी दळण घेऊन परगावी का जातो, हा प्रश्न आण्णांना पडला नसता तर नवल. शिवाय त्यांनी हिशोब मांडला, की टिपणिसांच्या घरात सध्या खाणारी तोंडं दोन, मग आठवड्याला पाच किलो पीठ खातं कोण? निष्कर्ष उघड होता. सबनीस.

चक्कीवर रांग होती. मी रांगेत उभा राहिलो. सहाला पाच कमी. सहा. सहा वाजून सात मिनिटं. वीस वर्षं दुसऱ्यांना लेट मार्क देणारा मी घामाघूम झालो. चक्कीचा मालक टेकचंद नावाचा जाडजूड सिंधी होता, मिशीपर्यंत पिठानं पांढरा. त्यानं माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "डब्बा इधर रखो, साईं. वर जा तुम्ही. सगळे असेच कायतरी घेऊन येतात. एक जण तर तीन महिने एकच छत्री रिपेरला आणत होता."

मी म्हटलं, "मी दळणासाठीच आलोय."

"हां हां, बरोबर," टेकचंद म्हणाला. "मी पण वर दळणालाच जातो."

वर बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर सात-आठ मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. चक्की चालू असल्यानं जमीन थरथरत होती. भिंतीवर अननस, आंबा, इमारत. मी आल्याआल्या कुणीतरी चहाचा पेला हातात दिला. फुकट. मी पेला आधी हुंगला. मग दाराजवळची खुर्ची पकडली, म्हणजे वेळ आली तर निघता येईल. आणि मग समोर, टेबलामागे, मीटिंग चालवायला बसलेला माणूस बघितला, आणि माझा चहा पँटवर सांडला.

भीमराव. तिकीट नंबर चारशे सतरा, बॉयलर फिटर, आमचाच कारखाना. हा माणूस पाच वर्षं दर गुरुवारी पाचला गेटपास मागायचा. कारण: 'खाजगी.' मी त्याला तीन मेमो दिले होते. एकात तर 'आपले खाजगी काम नेमके गुरुवारीच का निघते याचा खुलासा करावा' असं वाक्य टाकलं होतं, जे मला स्वतःला फार आवडलं होतं. युनियनची गुप्त बैठक असणार, अशी माझी खात्री होती. भीमरावनं कधी खुलासा केला नाही. मेमो घ्यायचा, सही करायची, पुढच्या गुरुवारी पुन्हा दारात.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतोय अशा चेहऱ्यानं म्हणाला, "नवे पाहुणे आलेत. बसा." मग एकेक जण बोलायला लागला. माझं नाव टेकचंद, मी बेवडा आहे. माझं नाव रामभाऊ, मी बेवडा आहे. नावापुढे आडनाव नाही, गाव नाही, हुद्दा नाही. मी घाबरून गेलो. इतकी माणसं एकदम खरं बोलताना मी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे यात काहीतरी काळंबेरं आहे असं मला वाटलं. रामभाऊ इस्त्रीवाला होता. बायको रखमा माहेरी गेलीय म्हणाला, आणि आज अकरावा दिवस म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझी पाळी आली. मी उभा राहिलो, खुर्ची पार्श्वभागाला अडकून बरोबर वर आली, ती काढली, आणि म्हणालो, "मी एका मित्राच्या वतीनं आलोय. धर्मराज सबनीस. त्याला हल्ली जरा जास्त होते."

कुणी हसलं नाही. भीमराव म्हणाला, "मित्राला सांगा, खुर्ची आहे त्याच्यासाठी."

शुक्रवारी सकाळी मी टाइम ऑफिसच्या खिडकीत तयारीनं बसलो. आता हा येणार, डोळा मारणार, आणि ओव्हरटाइम मागणार. दुनियेत फुकट कुणी गप्प बसत नाही. भीमराव आला. "साहेब, टोकन." टोकन घेतलं, गेला. डोळा सोडा, पापणीसुद्धा हलली नाही. शनिवारी तेच. माझा संशय वाढला. मोठी मागणी करणारा माणूस वाट बघतो. गुरुवारी त्यानं गेटपास मागितला तेव्हा मी न विचारता सही केली, तर म्हणतो, "कारण लिहायचं राहिलं, साहेब," आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'खाजगी.'

दुसऱ्या मीटिंगनंतर मी त्याला जिन्यात गाठलं आणि दाखल्याचं विचारलं. मित्रासाठी. भीमराव म्हणाला, "आपल्याकडे शिक्का नाय. लेटरहेड नाय. नावं कोणी लिहीत नाय."

"मग हजेरी कशी कळते?"

"आला की दिसतो."

"आणि गैरहजर?"

"त्याच्या घरच्यांना कळतं ना लगेच."

काय बोलायचं अशा माणसाशी! मस्टर नाही, म्हणजे पुरावा नाही. पुरावा नाही, म्हणजे चिंतामणी नाही. चिंतामणी नाही, म्हणजे मीनल नाही. मी आठवडाभर विचार केला आणि शेवटी ठरवलं, की या लोकांना पद्धत माहीत नाही, ती आपण लावून द्यावी. आपलं ज्ञान समाजाच्या कामी यावं, हा त्यात थोडा परोपकारही होता.

तिसऱ्या गुरुवारी मी पावणेसहालाच पोचलो. चक्कीच्या जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकलं, त्यावर कोरं मस्टर उघडलं. रात्री जागून रकाने आखले होते: अनुक्रमांक, आडनाव, नाव, वडिलांचे नाव, राहण्याचा पत्ता, कामाचे ठिकाण, आगमन, निर्गमन, सही. सही न येणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून अंगठ्यासाठी शाईचा पॅडही आणला होता. चष्मा लावला, पेन कानावर ठेवलं आणि बसलो.

पहिला माणूस कोपऱ्यावरून वळला, मला बघितलं, आणि तसाच वळत राहिला. दुसऱ्यानं जवळ येऊन मस्टर वाचलं आणि "माफ करा, रस्ता चुकलो" म्हणून निघून गेला. रामभाऊ इस्त्रीवाला आला. त्याला मी प्रेमानं म्हटलं, "या. आडनाव आधी." तो जो पळाला, त्याची एक चप्पल माझ्यासमोर राहिली. टेकचंद चक्की बंद करून बाहेर आला, पांढऱ्यावर आणखी पांढरा पडलेला. "रेड पडली काय, साईं?"

सव्वासहाला वर बालवाडीत मी आणि भीमराव, दोघंच. मी म्हटलं, "लोकांना शिस्त नको असते." भीमरावनं मस्टर हातात घेतलं, सगळे रकाने शांतपणे वाचले आणि मिटलं. मग पहिल्यांदाच मला त्याचा आवाज चढलेला ऐकू आला.

"रामभाऊला हिथवर आणायला मला आठ महिने लागले. आठ महिने मी त्याच्या दुकानात कपडे न्यायचो इस्त्रीला. माझ्याकडे इस्त्रीचे कपडे हायत किती? दोन. तेच फिरवून न्यायचो. आज तो पळाला तो कुठं गेला असेल, सांगा तुम्ही."

 ते ठिकाण मला चांगलं माहीत होतं, तीन गल्ल्या सोडून, निळं दार. पहिल्याच गुरुवारी रिक्षातून मी ते हेरून ठेवलं होतं. मी रामभाऊची चप्पल उचलली आणि गेलो. तो आत बसला होता, समोर ग्लास रिकामा. त्या जागेच्या वासासरशी माझा एक पाय उंबऱ्याच्या आत गेलासुद्धा. मी दारातून चप्पल आत ठेवली आणि परत फिरलो. थांबलो असतो तर मीही बसलो असतो. हे कुणाला कळू नये म्हणून मी स्टेशनपर्यंत पळत आलो, आणि डबा चक्कीतच राहिला.

तो आठवडा भीमराव रोज ड्यूटी संपल्यावर एकेकाच्या घरी गेला. चौथ्या गुरुवारी सगळे परत आले होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, पण चहा मात्र मिळाला. रामभाऊ सर्वांत शेवटी आला, लटपटत, वास मारत. त्याला बसायला दिलं. मी भीमरावच्या कानात विचारलं, "प्यालेल्याला आत घेता?" तो म्हणाला, "प्यालेल्यालाच घेतात. न प्यालेला हिथं येईल कशाला?" माझी पाळी आली. मी पुन्हा मित्राबद्दल बोललो. या वेळी मित्राचं जरा सविस्तर बोललो.

आणि घरी आलो तर ती नोटीस. 'रविवारी सकाळी दहा वाजता समक्ष चौकशी.' चार बैठका पुऱ्या होत होत्या म्हणून त्याच दिवशी, त्याच वेळी चिंतामणी मीनलला घेऊन येणार होता. दाखला असेल तर ती राहणार, नसेल तर त्याच पावली परत. माझ्याकडे दाखला नव्हता. होता तो एक साक्षीदार. मी शनिवारी टोकनच्या खिडकीतून भीमरावला हळूच म्हटलं, "उद्या घरी या. माझ्या पोरीचा प्रश्न आहे. चार वेळा आलो एवढंच सांगा." तो म्हणाला, "चहाला येतो. बाकी आपल्याकडून कोणाचं नाव निघत नाय." येतो म्हणजे सांगेल, असं मी धरून चाललो.

रविवारी दहाला आमच्या बाहेरच्या खोलीत आण्णा फाइल घेऊन, चिंतामणी ब्रीफकेस घेऊन आणि मीनल तिची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. दीड-दोन महिन्यांनी बघत होतो तिला. केस कापले होते. मी म्हटलं, "बरी आहेस?" ती म्हणाली, "हो."  तेवढ्यात भीमराव आला, इस्त्रीच्या शर्टात. उमानं त्याला चहा दिला.

"आपण कोण?" आण्णांनी विचारलं.

"भीमराव."

"आडनाव?"

"नाव पुरे की."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या बिल्डिंगीत आडनाव कळलं की बाकीचा माणूस आपोआप कळतो, अशी समजूत आहे. माझीही होती. मस्टरात मी आडनाव आधी लिहितो, ते काही उगाच नाही.

चिंतामणीनं ब्रीफकेस उघडली. "आपण आमच्या भावोजींना ओळखता?"

"नाय," भीमराव म्हणाला.

"कुठल्या बैठकीत भेटलात?"

"नाय."

"मग या घरात कसे?"

"चहाला आलो."

"अनोळखी घरी?"

"चहा चांगला झालाय, ताई," भीमराव उमाला म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन मेमोंचा सूड! आता, या क्षणी, माझ्या पोरीसमोर! मी ओरडलो, "अहो सांगा ना! मी परवानगी देतो. लेखी देतो!" भीमराव कपात बघत राहिला.

आण्णांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "आडनाव सांगत नाही, ओळख सांगत नाही, चहा मात्र घरच्यासारखा पितो! टिपणीस, हाच तुमचा सबनीस!" त्यांनी उठून भीमरावचं मनगट धरलं. "हलायचं नाही. पोटभाडेकरू ठेवणं हा गुन्हा आहे, आणि खोट्या नावानं राहणं हा त्याहून मोठा. मी पोलिस चौकीत माणूस पाठवतो. कुठल्या वस्तीतनं आलायस रे तू?"

अहोजाहोचं अरेतुरे झालं ते सगळ्यांनी ऐकलं. भीमरावनं मनगट सोडवलं नाही. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. 'मी यांच्या कारखान्यात आहे आणि हे आमच्या मीटिंगला येतात,' एवढंच. सुटला असता. तो बोलला नाही, आणि माझ्याकडेही बघितलं नाही, म्हणजे मला अवघडायला नको. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वीस वर्षांत ज्याचं कारण खरं होतं आणि ज्याला ते सांगता येत नव्हतं, असा हा एकच माणूस, आणि त्यालाच मी मेमो दिले. मला स्वतःची लाज वाटली. साधी, सरळ लाज वाटली.

"आण्णा, हात सोडा त्यांचा," मी म्हटलं. "धर्मराज सबनीस मीच आहे."

"म्हणजे?"

"खोटं नाव घेतलं मी. पत्र लिहायला. कारण मी दारू पितो. थोडी घेत नाही, पितो. सोडायच्या मीटिंगला जातो, दळणाचा डबा घेऊन. या माणसानं तिथे मला चार वेळा चहा दिलाय आणि मी त्याला तिथेसुद्धा खरं नाव सांगितलं नाही." मग मी मीनलकडे वळलो. "आणि त्या दिवशी मी कल्याणला वेळेवर पोचलो होतो, मीनल. सव्वातीनला. शाळेसमोरच्या दारूच्या दुकानाच्या आत बसलो होतो. खिडकीतून तू दिसत होतीस मला."

उमा दारात होती, ती खालीच बसली. हे तिलाही माहीत नव्हतं.

आण्णांनी मनगट सोडलं आणि बराच वेळ फाइल चाळली. "म्हणजे पोटभाडेकरू नाहीच?"

"नाही."

"मग ठराव मागे घ्यावा लागेल. त्याला पुन्हा सभा बोलवावी लागेल." जाताना दारात थांबून म्हणाले, "पिण्याचं म्हणाल तर ते बिल्डिंगीला ठाऊकच आहे. त्याबद्दल उपविधीत काही तरतूद नाही."

"पण दाखल्याचं काय?" चिंतामणीनं विचारलं.  भीमराव कप खाली ठेवून उठला, उमाला "येतो, ताई" म्हणाला आणि दारात चपला शोधायला लागला.

मीनल माझ्याकडे बघत होती. मी कार्ड तपासताना बघतो ना, अगदी तसं.

"आज घेतलीत?"

"नाही."

"उद्या?"

पूर्वी अशा प्रश्नाला मी फार सुंदर उत्तरं देत असे. देवाची शपथ, तुझी शपथ, आईची शपथ. तोंडात तयार असायची. "उद्याचं मला माहीत नाही," मी म्हटलं.

"बघा! हे बघा!" चिंतामणी टुणकन उठला. "स्वतःच्या तोंडानं सांगतायत! चल गं मीनल."

मीनल उठली नाही. 

"मामा, तू जा," ती म्हणाली. "मी आजचा दिवस राहते."

पिशवी घेऊन ती आत गेली. थोड्या वेळानं मी डोकावलो, तर पिशवी खाटेवर होती, चेन बंद, एकही कपडा बाहेर काढलेला नाही. बरोबरच आहे. मीसुद्धा काढला नसता.